लांडग्याने खाल्लेली हजर मेंढी

झुराकान एजेंच्या मेंढ्या बारा. मोजणीच्या दारापलीकडच्या मेंढवाड्यात उभ्या होत्या अकरा. आणि गुरांचा डॉक्टर एर्मेक याच्या हातातला टॅब छातीठोकपणे सांगत होता : बारा, सगळ्या हजर.

तीन महिने बेइशेन मेंढपाळाने गावाच्या चारशे मेंढ्या अलाय डोंगरातल्या कुरणांवर सांभाळल्या होत्या. खाली उतरताना वाटभर त्याने एकच वाक्य घोकलं होतं.

"एजे," तो कसाबसा म्हणाला, "तुमची एक जुलैतच लांडग्यानं नेली."

एजेंनी, म्हणजे सगळ्यांच्या या थोरल्या ताईंनी, तीस वर्षं गावाच्या शाळेत व्याकरण शिकवलं होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "आत्ता सव्वाअकराला ती या दारातनं गेली म्हणतंय यंत्र. लांडगा पोचवायला आला होता का?"

जमलेले लोक खो खो हसले. हे दार यंदाच वेशीवर बसलं होतं. दोन खांब, मधून मेंढी जाईल एवढी वाट. मेंढी गेली की कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरून टॅबवर नंबर, वय आणि मालकाचं नाव उमटायचं. चारशे तोंडं नावानिशी ओळखणाऱ्या बेइशेनला पहिल्या दिवसापासून ते दार आवडलं नव्हतं.

"तुझं यंत्र चुकलंय, डॉक्टर."

"यंत्र कसं चुकेल, आके?" थोरल्या भावाला समजवावं तसं एर्मेक म्हणाला. "बिल्ल्यात तर सेलसुद्धा नसतो. खांबांतून लहर निघते, तिच्याच जोरावर बिल्ला जागा होतो, आपला नंबर सांगतो आणि परत झोपतो."

"सेल नसला तरी बोलतो?"

"अगदी खिशात ठेवला तरी बोलतो."

बेइशेनचा हात आपसूक कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला, आणि त्याचा चेहरा पडला.

लांडग्याने मेंढी नेली तर मेंढपाळाने मालकाला कान आणून दाखवायचा, ही तिथली जुनी रीत. बेइशेनच्या बापाने ती पाळली, आजाने पाळली. बेइशेनने अर्धा दिवस धुक्यात उतार पालथा घालून कान शोधला, मीठ लावून रुमालात बांधला आणि बायकोच्या शिव्या खात दोन महिने छातीशी बाळगला. आज कळपाच्या मागोमाग तोही दारातून आत आला होता. त्याने रुमाल काढून सोडला तशी पुढची रांग नाक दाबून मागे सरली. सुकल्या कानात पिवळा बिल्ला दिमाखात बसला होता.

"सेल लागत नाही, तशी मेंढीही लागत नाही म्हण की!" बेइशेन ओरडला.

एर्मेकने टॅबवर 'मृत' दाबलं. टॅबने नकार दिला. आज जिवंत दिसलेलं जनावर जुलैत मरू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. वर त्याने आठवण करून दिली की या मेंढीला लस टोचायची राहिली आहे.

"कानाला टोचू का?" एर्मेकने अगदी मनापासून विचारलं.

"टोच बाबा. लांडग्याला तरी गुण येईल," बेइशेन वैतागून म्हणाला.

शेवटी एकच रकाना उरला : 'दारातून गेल्यावर हरवली.' तो भरला की मेंढपाळाची चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पुढच्या उन्हाळ्यात कळप दुसऱ्याकडे. बेइशेनला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. आणि काम गेलं तरी एक वेळ चाललं असतं, पण चोर म्हणून नाव गेलं तर तो गावात तोंड कसं दाखवणार होता?

"मेंढी तुमच्या मालकीची, एजे. मालकाने लेखी दिलं तर टॅबवरची नोंद बदलता येते. हा कान पुरावा म्हणून मान्य असेल तर बोला," एर्मेक म्हणाला.

"कान काय, कापूनही आणता येतो," एजे शांतपणे म्हणाल्या. "मेंढी बाजारात, कान खिशात. काय घडलं ते पहिल्यापासून सांग, बेइशेन."

आता कुणी हसलं नाही. बेइशेनने सांगितलं : धुकं, कुत्र्यांचा आरडाओरडा, काठी घेऊन धावणं. एजेंनी पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. त्या त्याच्या डोळ्यांकडे बघतही नव्हत्या, भलतीकडेच कुठेतरी नजर लावून होत्या. बेइशेनला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

"कागदाचा अर्ज असतो ना मालकासाठी? दे इकडे," एजे म्हणाल्या आणि रेखीव अक्षरात दोन ओळी लिहून त्यांनी सही ठोकली.

एर्मेकने मोठ्याने वाचलं, "'मेंढी जुलैत लांडग्याने खाल्ली. तिन्ही कान तपासले, खरे आहेत.' एजे, कान तर एकच आहे."

"तो तू तपासलास. मी याचे दोन तपासले. चौथीत असताना 'वही घरी राहिली' म्हणाला की याचे कान बिटासारखे लाल व्हायचे. आज तीनदा सांगायला लावलं, कान आपले पांढरेच. माझा बेइशेन खोटं बोलत नाहीये."

ते ऐकलं मात्र, आणि पन्नाशीच्या बेइशेनचे कान मुळापासून शेंड्यापर्यंत लालबुंद झाले.

"टोपी ओढ कानांवर," एजे हळूच म्हणाल्या. "डॉक्टर बघतोय."