भुवयांना गुण नाहीत

“आधी खुर्ची खाली घे, मग माणसाशी बोल,” असं जुन्या सिस्टर वासिती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायच्या. बिचाऱ्या साध्या होत्या. न मोजलेला कळवळा हा कळवळाच नव्हे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आता फिजीतल्या सुवाच्या आमच्या दंत महाविद्यालयात त्यासाठी समुद्रापलीकडून आलेला तक्ता आहे. डोळ्यांत चार सेकंद पाहणे, पाच गुण. “मला समजतं” म्हणणे, पाच. तीनदा मान डोलावणे, दहा. सराव प्लास्टिकच्या डोक्यांवर होतो, कारण खरी माणसं मध्येच रडतात आणि वेळ चुकतो. गेल्या वर्षी एक्केचाळीस जणांपैकी अडतीस कनवाळू ठरले. (उरलेले तिघे रुग्णांपाशी बसून राहिले होते.)

अडचण एकच. आमच्याकडे ‘हो’ म्हणायला भुवया उडवतात. एकाच्या तोंडावर मास्क, दुसऱ्याच्या तोंडात नळी. दवाखान्यातलं सगळं बोलणं भुवयांवरच चालतं. तक्त्यात भुवया नाहीत. म्हणून मुलं आता हातात ड्रिल धरून मान डोलावतात. (जिभेच्या जखमा वाढल्या आहेत, पण त्यांनाही “मला समजतं” असं सांगितलं जातं. आज माझा उपवास आहे, जास्त बोलत नाही.)

शेवटच्या वर्षाची उनाइसी कळवळ्याच्या या परीक्षेत एकदा नापास झालेली. कारण : भुवया. फेरपरीक्षा गुरुवारी दहाला. चुकली तर वर्ष गेलं. आणि गुरुवारी दहालाच मकेरेता बूबूची दाढ काढायची होती. बूबू म्हणजे आजी. ही नौसोरीहून बसने येते, खुर्ची पाहते आणि परत जाते. दोनदा झालं. सूज आता डोळ्यापर्यंत चढलेली. नोंदणीच्या माझ्या काउंटरपाशीच ती उनाइसीला म्हणाली, “पोरी, हात धरायला तू नसलीस तर मी तोंड उघडायची नाही. मग समोर डॉक्टर असो की देव.”

उनाइसीने भुवया उडवल्या. गुण शून्य.

गुरुवारी परीक्षकांनी तिचं नाव दोनदा पुकारलं, मग बाहेर येऊन मला म्हणाले, “अशा कोरड्या मुलांचं काय करावं?” मी तीनदा मान डोलावली. दहापैकी दहा.

इथवर वाचताना तुमचीही मान डोलली असेल, बसल्या जागी. दहा गुण लावून घ्या.

गळ्यातला परीक्षा क्रमांकाचा बिल्ला माझ्या काउंटरवर ठेवून उनाइसी तेव्हा दवाखान्याकडे जिना उतरत होती, खुर्ची खाली घ्यायला.