कराचीची पेटी

५ मे २००२. मी दुबईला जायच्या आंब्याच्या पेट्या भरत होते. शेडच्या कोपऱ्यात कासमचाचांनी एक पेटी उघडली आणि हात वर करून ओरडले, "पोचला! कराचीत माल पोचला!"

पेटी शेडबाहेर गेलेलीच नव्हती.

कासमचाचा आमच्या मिरजोळ्याच्या शेडमध्ये आंबा निवडतात. फळ हातात घेतलं की किती दिवसांनी पिकेल ते सांगतात आणि चुकत नाहीत. चुकतात ते फक्त भारत-पाकिस्तान व्यापाराच्या बाबतीत. अणुस्फोट झाले तेव्हा म्हणाले, "वयनी, दोन महिने. मग व्यापार उघडतो बघा." लाहोरची बस सुटली, "आता पंधरवडा." कारगिल झालं, "चार महिने धरा." यंदा सीमेवर फौजा समोरासमोर, तरी दर हंगामासारखी, आंबा कराचीपर्यंत टिकतो का बघायला, नमुन्याची पेटी भरलीच. ती कोपऱ्यात नऊ दिवस 'प्रवास' करते. मुंबईला एक, समुद्रात दोन, तिकडच्या कस्टमात तीन.

"हे सहाच झाले."

"आपल्या कस्टमातपण तीन, वयनी. न्याय सारखा पायजे."

एकही फळ डागी नव्हतं. चाचांनी एक माझ्या नाकाशी धरलं. "घ्या वास! तिकडचा कुठला आंबा उभा राहील यापुढे?" खोटं कशाला बोलू, माझीही मान ताठ झाली.

मी म्हटलं, "मग पाठवा दुबईमार्गे. आपल्या व्यापाऱ्याच्या शेजारचा दुकानदार कराचीचाच आहे."

"तिथे लेबलं बदलतात. हापूस काय तोंड लपवून जाणार? पुढल्या दारानं जाईल, रत्नागिरीच्या नावानं."

"बसा मग वाट बघत."

एरवी लगेच उलट बोलणारे चाचा फळ पुसत राहिले. मग म्हणाले, "बहीण आहे तिकडे. लग्न होऊन गेली तेव्हा मुंबईहून कराचीला आगबोट होती. भाच्याचं पत्र आलंय. ती अंथरुणातून उठत नाही. हापूस मागते."

"चाचा, इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बोलून काय? तुम्ही काय सरकार आहात?"

"सरकार नाही, पण टेम्पो माझा आहे. कच्ची फळं निवडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुबईला आमच्या व्यापाऱ्याला फोन करून, शेजारच्या दुकानदाराकडून पेटी कराचीत घरपोच करायचं कबूल करून घेतलं. टेम्पोतली माझी एक पेटी उतरवली, तिथे चाचांची ठेवली. तीन बाजूंना ब्रशने ठळक 'रत्नागिरी' लिहिलं. लेबल बदलतील, लाकूड कोण तासत बसणार? चौथी बाजू चाचांना दिली. त्यांनी उर्दूत लिहिलं. एका गावाच्या नावाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लिहीत होते. मला उर्दू येत नाही. ड्रायव्हर घाई करायला लागला. म्हटलं, थांब, रंग वाळू दे.