हणमंततात्यांची पास झालेली पिशवी

हणमंततात्यांनी मला वाचवलं, हे आधी लिहून टाकतो. कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, हा माणूस एका म्हाताऱ्याची टिंगल करतोय. टिंगल करायची तर माझीच करावी लागेल, आणि ती मी करणारच आहे. पण माझी चाकणची नोकरी आज टिकून आहे ती तात्यांमुळं. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. आभार कसे मानायचे ते बहुतेक नववीत शिकवत असतील.

तर तात्या. भोसरीत आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली. वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या दारावरून जावं लागतं. दाराबाहेर भिंतीत एक लोखंडी हूक ठोकलेला आहे. तुम्ही बाजारातून आलात की तात्या न बोलता हात पुढं करतात. पिशवी सामानासकट हुकाला टांगतात, वर आणखी दोन किलोचं वजन टाकतात आणि मनगटावरच्या घड्याळात बघत उभे राहतात. पिशवी टिकली तर तिच्या काठावर निळ्या मार्करनं लिहितात, 'पास. ह. तात्या'. नाही टिकली तर तुमचे बटाटे जिन्यावरून खाली.

"बघितलंस? रस्त्यात फाटली असती. इथं फाटली, बरं झालं."

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझे बटाटे तीन वेळा गेलेत.

तात्या साताऱ्याकडचे. भोसरीतल्याच एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मशीनवरून निघालेला जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, मापायचा, मापात असेल तर पुढं, नसेल तर लाल डब्यात. रिटायर झाले, मुलगा बंगळुरूला गेला, पाठोपाठ काकू वारल्या. मापायला काही उरलं नाही म्हणून यांनी पिशव्या धरल्या, असं सगळी बिल्डिंग समजते. मीही समजत होतो.

पहिल्या दिवशी मी परभणीकडून आलो तेव्हा माझं सगळं सामान युरियाच्या गोणीपासून शिवलेल्या पिशवीत होतं. मला तिची इतकी लाज वाटत होती की छापलेली बाजू मी पायाकडं धरली होती. तात्यांनी जिन्यातच अडवलं.

"कुणी शिवली रे ही?"

"आईनं."

"किती वर्षं झाली?"

"मी तिसरीत होतो तेव्हाची आहे."

तात्यांनी ती टांगली, वजनं टाकली, शिवण बोटानं चाचपली. "प्लास्टिकच आहे. पण एवढी वर्षं वापरलेलं प्लास्टिक म्हणजे साधं प्लास्टिक नव्हे. आईला सांग, पास." मग घरमालकाकडं जाऊन म्हणाले, "पोरगं चांगल्या घरचं आहे, खोली द्या." माझ्याकडं आधारकार्डाशिवाय कसलाही कागद नव्हता. पिशवी पास झाली म्हणून खोली मिळालेला भोसरीतला मी एकटाच असेन.

तुम्ही म्हणाल, तात्या प्लास्टिकचे दुश्मन. तसंही नाही. ते सगळ्यांचेच दुश्मन आहेत. "ट्रायल घेतल्याशिवाय तोंड उघडू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पातळ कॅरीबॅग? गटार तुंबतं, गाई खातात, रिजेक्ट. कागदी पिशवी? तात्यांनी तिच्यात फ्रिजमधली दुधाची पिशवी ठेवली, पाच मिनिटांत बूड गळून पडलं, रिजेक्ट. दुकानात कापडासारखी दिसणारी ती रंगीत पिशवी मिळते ना, तिचा धागा त्यांनी पेटत्या काडीवर धरला. धाग्याची राख व्हायच्या ऐवजी काळा थेंब झाला. "कापडाचं सोंग घेतलंय बघ. चक्क खोटं बोलते ही," म्हणून त्या पिशवीवर ते माणसावर चिडावं तसे चिडले.

एका दुकानदारानं त्यांना 'मातीत विरघळणारी' पिशवी दिली. तात्यांनी ती कुंडीत पुरली आणि दर महिन्याला उकरून बघितली. आठ महिन्यांनी मी स्वतः बघितली. पिशवीवरची 'धन्यवाद, पुन्हा या' ही अक्षरं जशीच्या तशी होती.

बरं, कापडी पिशवीलाही सूट नाही. "कापूस काय फुकट उगवतो? पाणी पितो, फवारणी मागतो. कापडी पिशवी घेतलीस आणि चार वेळा वापरून खुंटीला अडकवलीस तर त्यापेक्षा प्लास्टिक बरं. पिशवी चांगली-वाईट नसते लेका, वापरणारा असतो." म्हणून ते नवं कापड घेत नाहीत. बिल्डिंगमधल्या पोरांचे जुने कंपनीचे शर्ट मागून घेतात आणि काकूंच्या मशीनवर स्वतः पिशव्या शिवतात. माझ्या पिशवीला शर्टाचा खिसा अजून आहे, वर गुंडीसुद्धा आहे.

मंडईतल्या बायका तात्यांना लांबून ओळखतात. "आला गं इन्स्पेक्टर!" म्हणत कॅरीबॅगांचा गठ्ठा पोत्याखाली सारतात. मीही काही कमी नाही. एका रविवारी चिकन काळ्या पिशवीत आणलं आणि तात्यांना दिसू नये म्हणून शर्टात लपवून जिना चढलो. तात्या म्हणाले, "पोट गळायला लागलंय तुझं." खाली बघितलं तर खरंच गळत होतं.

आता माझं काम सांगतो, म्हणजे माझी अवस्था कळेल. मी चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, कंत्राटदाराकडून. गाडीत बसवायचे लोखंडी दांडे, म्हणजे शाफ्ट, येतात, ते मी प्लास्टिकच्या पिशवीत भरतो. पिशवीला आतून गंज रोखणारं औषध असतं. एका शाफ्टला एक पिशवी. आठ तास मी प्लास्टिक उघडायचो, भरायचो, बंद करायचो आणि घरी येऊन कोथिंबिरीच्या पिशवीवरून बोलणी खायचो. मला वाटायला लागलं की जगातलं सगळं प्लास्टिक माझ्याच हातून बाहेर पडतंय. गटार तुंबलेलं दिसलं की मी मान खाली घालून पुढं जायचो.

एका शनिवारी पावसाळी हवेत आमच्या पिशव्या संपल्या. स्टोअरवाला जेवायला गेलेला, ट्रक लागलेला, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. दोन पेट्या उरलेल्या. माझ्या लॉकरमध्ये तात्यांनी कंपनीतल्या लोकांना वाटायला दिलेल्या कापडी पिशव्यांचा गठ्ठा होता. मला काय सुचलं माहीत नाही. खरं म्हणजे चांगलंच माहीत आहे, मला अभिमान सुचला. मी ते शाफ्ट कापडी पिशव्यांत भरले, वरून नाड्या बांधल्या आणि ट्रक जाताना हात केला. एवढं प्लास्टिक वाचवलं म्हणून त्या दिवशी गटाराकडं मान वर करून बघितलं.

पुढच्या शनिवारी सुपरवायझर काळोखे साहेबांनी बोलावलं. त्यांच्या मोबाइलवर गिऱ्हाईक कंपनीनं पाठवलेला फोटो होता. कापडानं ओल धरली होती. तांबूस गंजानं भरलेला शाफ्ट, खाली खाकी पिशवी आणि तिच्या काठावर निळ्या अक्षरांत, 'पास. ह. तात्या'.

"हा ह. तात्या कोण?" साहेब म्हणाले. "सकाळपासून मी सगळ्या शिफ्टचं हजेरीपत्रक चाळतोय. या नावाचा इन्स्पेक्टर आपल्याकडं कधी भरती झाला?"

मी सांगितलं. साहेब हसले नाहीत. "सोमवारी सकाळी पाच 'का'चा रिपोर्ट लिहून आण. तुझ्या हातानं. तो बघून ठरवू, तुला ठेवायचं का कंत्राटदाराकडं परत पाठवायचं."

पाच 'का' म्हणजे आमच्या कंपन्यांतली पद्धत. चूक झाली की विचारायचं, का झाली? उत्तर आलं की त्याला पुन्हा, का? असं पाच वेळा. पाचव्याला चुकीचं मूळ सापडतं म्हणतात. मला पहिल्याच 'का'ला घाम फुटला होता. कंत्राटदाराकडं परत म्हणजे गावाकडं परत, आणि गावाकडं आईनं 'पोरगं कंपनीत लागलं' म्हणून सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं.

रविवारी सकाळी कागद घेऊन तात्यांकडं गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, कापडी पिशवी वापरली म्हणून निदान पाठ तरी थोपटतील.

"गाढवा," तात्या म्हणाले, "लोखंडाला कापड? लोखंडाला प्लास्टिकच पाहिजे. ट्रायल घेतली होतीस?"

मग त्यांनी माझा कागद वाचला. मी लिहिलं होतं, 'पिशव्या संपल्या. का? स्टोअर बंद होतं. का? स्टोअरवाला जेवायला गेला. का? भूक लागली.'

"हे उत्तर नाही, चहाडी आहे," तात्या म्हणाले. "तुला विचारता येत नाही अजून. आधी सराव कर. मला विचार. विषय घे, तात्या पिशव्या तपासतात."

मी मान खाली घालून लिहायला बसलो. "तात्या पिशव्या तपासतात. का?"

"कारण पिशव्या फाटतात."

"फाटलेली तुम्हाला का चालत नाही?"

"सामान रस्त्यावर सांडतं."

"मग उचलायचं. त्याचं एवढं का वाटतं?"

"एकट्या माणसाला उचलावं लागतं."

"एकट्याला का?"

"बरोबरचा माणूस पुढं निघून गेला म्हणून," ते म्हणाले.

मी तेही लिहिलं आणि मान वर न करता सवयीनं विचारलं, "का?"

मग वर बघितलं. तात्या काकूंच्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते.

"लाज वाटली म्हणून," ते म्हणाले. "मंडईच्या बाहेर तुझ्या काकूची पिशवी फाटली. भर रस्त्यात. समोर चहाच्या टपरीवर आमच्या वर्कशॉपची सगळी माणसं. मी नुकताच इन्स्पेक्टर झालेलो, इस्त्रीचा शर्ट. एक कांदा घरंगळत माझ्या पायापाशी आला. मी तो ओलांडला आणि पुढं चालत राहिलो. जशी काय ती माझी कुणी नव्हेच."

"मग?"

"मग काय? ती एकटीच वेचत बसली. पदरात घेऊन घरी आली, चहा टाकला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, 'पिशवीच पातळ होती हो.' दोष पिशवीवर टाकला तिनं. पुन्हा कधी विषय काढला नाही." तात्यांनी चाक थोडं फिरवलं. "मीही तेच धरून बसलो. ती गेल्यापासून पिशव्याच तपासतोय. चूक पिशवीची नव्हती, लेका. आता तुझं लिही. खरं लिही."

मग मी खरं लिहिलं. कापडात का भरलं? पिशव्या नव्हत्या. थांबून कुणाला का विचारलं नाही? 'एवढंही कळत नाही का' म्हणतील याची भीती. कळत का नव्हतं? भिंतीवर सूचना लावलेली होती, मी वाचली नाही. का? ती इंग्रजीत आहे. येत नाही असं का सांगितलं नाही? मी कंत्राटदाराला दहावी पास आहे असं खोटं सांगितलं होतं.

पाचवं उत्तर लिहून मी कागद त्यांच्यापुढं सरकवला. "तात्या, हे वाचून मला काढतील."

"काढतील कदाचित," तात्या म्हणाले. "खोटं सांगणार नाही तुला. पण मी बरोबर येतो."

सोमवारी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर चाकणला आले. सिक्युरिटीनं आत सोडलं नाही, म्हणून काळोखे साहेबच गेटवर आले. गेटवर आमच्या शिफ्टची सगळी माणसं हजेरीच्या पंचिंगच्या रांगेत उभी. मला वाटलं, तात्यांनी जरा बाजूला उभं राहावं. त्यांनी उलट माझा दंड धरला.

"ह. तात्या मीच," ते मोठ्यानं म्हणाले. "पिशवी पास होती, पण भाजीसाठी. कशाला वापरायची ते मी याला सांगितलं नाही, ती चूक माझी. लोखंडाला तुमची प्लास्टिकची पिशवीच बरोबर आहे."

रांगेतलं कुणीतरी हसलं. तात्यांनी दंड सोडला नाही. साहेबांनी माझा कागद शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वरून वाचला.

"आठवी?" त्यांनी विचारलं.

"होय साहेब. तीही पुरी नाही."

"गंजलेला माल परत येतोय. तो सगळा तू घासून साफ करायचा. आणि भिंतीवरची सूचना कुणाला तरी विचारून समजून घे, मराठीत लिहून काढ, चुका मी तपासतो." मग तात्यांकडं वळून म्हणाले, "काका, तुमचं आणखी काही?"

"आहे ना. त्या प्लास्टिकच्या पिशव्या गिऱ्हाइकाकडं जातात. त्या तुम्ही परत मागवून पुन्हा का वापरत नाही?"

"औषध उडून जातं, काका."

"किती वेळा वापरल्यावर? ट्रायल घेतली?"

माझ्या नोकरीसाठी आलेला माणूस गेटवर साहेबांनाच 'का' विचारत सुटला होता, आणि मी मनात सगळ्या देवांची नावं घेत होतो.

त्या गोष्टीला वर्ष होईल. मी अजून कामावर आहे. तात्यांना मी साधं 'थँक्यू'सुद्धा म्हणालो नाही, म्हणायला गेलो की ते 'आधी पिशवी टांग' म्हणत हुकाकडं हात दाखवतात.

पण मनाशी ठरवलंय. एक दिवस त्यांना आमच्या गावच्या आठवडी बाजारात नेणार आहे. कांदे घेणार, पिशवी मी धरणार, आणि ती त्यांना तपासू देणार नाही. फाटली तर फाटली. सगळ्या बाजारादेखत आम्ही दोघं खाली बसू आणि वेचू.