निळा अंगठा

महिन्याच्या पाच तारखेला आमच्या घराण्यातल्या नऊ जणांचा डावा अंगठा निळा असायचा. मी इंजिनीअर, चुलतबहीण शिक्षिका, तरी सुटका नव्हती. आमचे धाकटे काका, म्हणजे नाना, शाईची डबी घेऊन दारात उभे राहायचे. "दे आंगटा."

सरकारनं जमीन घेतली, बदल्यात द्रोणागिरीला प्लॉट मिळाला. आजोबांनी त्यावर गोडाऊन बांधलं आणि कुणी विकून खाऊ नये म्हणून फॅमिली ट्रस्ट केला. ट्रस्टी नाना. बिनलग्नाचे, सडेफटिंग. भाड्यातला वाटा पावतीवर अंगठा घेऊन सगळ्यांना, त्यांना नाही. "मी वाडपी. मी कशाला पंगतीत बसू?"

"नाना, मोबाईलवर पाठवा की पैसे."

"मोबाईलला ताप कळतो का? मानूस बगल्याबिगर वाटा नाय."

अंगठा ते नुसता टेकवून घेत नसत. आधी आख्खा हात हातात घेऊन उलटसुलट बघायचे, मग निकाल. "नखं पांढरी झाली, पालेभाजी खा." "हात तापलाय, बायकोशी भांडून आलास ना?" बेबीआत्याच्या हाताची थरथर पहिल्यांदा त्यांनाच कळली. तशीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

आता सांगून टाकतो. तळोज्याच्या कंपनीत मी मॅनेजर झालो, तेव्हा भर मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "काय हो, अंगठेबहाद्दर?" सगळे हसले. त्या रविवारी घरच्या बैठकीत मी म्हणालो, "नानांना आता झेपत नाही." खोटं होतं. त्यांना सगळं झेपत होतं. मला तो डाग झेपत नव्हता. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

नाना वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी मुकाट राजीनामा लिहिला. ट्रस्टच्या कागदात होतं तसं सगळ्यांच्या सह्यांनी मला ट्रस्टी केलं. नानांनी शाईची डबी माझ्यापुढे सरकवली. ती मी ड्रॉवरमध्ये टाकली.

वकीलसाहेब म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. ट्रस्टी बदलला तरी लाभार्थ्यांचे हक्क बदलत नाहीत." खरंच बदलले नाहीत. पाच तारखेला सगळ्यांचे मोबाईल वेळेवर वाजायचे.

चौथ्या महिन्यात बेबीआत्याचा फोन आला. "पैसं आलं रं. पन मानूस कंदी येल? तुजा मोबाईल माजा हात धरतो का?"

"आत्या, नानांना बोलाव की."

"बोलावलं. येत नाय. म्हनतो, आता मी कोन म्हनून येऊ?"

पुढच्या पाच तारखेला मी सानपाड्याला नानांच्या खोलीवर गेलो. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, पिशवी मांडीवर. नाना खुर्चीत बसले होते.

"कुठं निघालात?"

"कुटं नाय. आज पाच ना. सवय हाय."

मी खिशातली डबी काढली. "बेबीआत्याकडं चला. हात बघायला मला येत नाही."

"ट्रस्टी तू. मी येऊन काय करू?"

"शिकवा मला. आधी तुमचाच अंगठा द्या."

"माजा? मला कुटं वाटा हाय?"

असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला. त्यात काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं. गार लागला एवढंच कळलं. शाई लावून झाली, कागदावर ठसा उमटला, तरी त्यांनी हात काढून घेतला नाही.