मी आ वासला, तो मिटेचना!

कुठलाही विषय असो, मी तो कुणालाही चुटकीसरशी समजावून देतो! उगाच बढाई मारत नाही. आमच्या ऑफिसात नवा प्रिंटर आला, तेव्हा तो सगळ्यांना मीच समजावला होता. त्यानंतर तो कधी चालला नाही, हा भाग वेगळा.

तर त्या रविवारी माझी सातवीतली लेक स्नायूंच्या धड्यापुढे डोकं धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी चाचणी!

"पुस्तक मिट!" मी म्हणालो. "स्नायू काय पुस्तकात असतात? अंगात असतात!"

"अहो, वाचू द्या तिला," स्वयंपाकघरातून बायको ओरडली. मी बाह्या सरसावल्या.

"स्नायू तीन प्रकारचे. पहिले अस्थिस्नायू. हाडांना चिकटलेले, आपले हुकमाचे ताबेदार! वाक म्हटलं की हात वाकलाच!" मी दंड फुगवून दाखवला.

"कुठाय?" लेक म्हणाली.

मी घाईने पुढे सरकलो. "दुसरे मृदू स्नायू. पोटात, आतड्यांत. अन्न पुढे ढकलतात आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत! आणि तिसरा हा, हृदयाचा! जन्मभर राबतो, थकत नाही. हा थकला की खेळ खलास!"

शेवटचं वाक्य मी छातीवर हात आपटून, चांगलं रडक्या आवाजात म्हटलं. पलीकडच्या खोलीत सासूबाई आडव्या झाल्या होत्या. त्यांना नेमकं तेवढंच ऐकू गेलं, हे मला फार उशिरा कळलं.

"बाबा, सगळ्यात जोरदार स्नायू कुठला?"

"जबड्याचा! बघ, पूर्ण ताणून दाखवतो."

आणि मी आ केला. असा आ, की आत सायकल लावता आली असती! कानाशी 'कट्' असं काहीतरी वाजलं.

"कळलं बाबा. मिटा आता."

"आँ."

"मिटा ना!"

"आँ! आँ!!"

मी हनुवटी वर ढकलली, तर डोळ्यांतून पाणी आलं. हुकमाचे ताबेदार सरळ संपावर गेले होते! बायको धावत आली. मी मोबाईल ओढून घाईघाईत 'जबडा' लिहिलं. त्या शहाण्या यंत्राने त्याचं 'जोडा' करून टाकलं.

"जोडा? अहो, आत्ता कुठे निघालात?" म्हणत तिने बूट आणून माझ्या पायात कोंबलेसुद्धा!

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "मी म्हटलं नव्हतं? जावईबापूंचं हृदय थकलं! धाकट्याला फोन केलाय, गाडी घेऊन येतोय!"

"आँ आँ!" मी जोरजोरात मान हलवली.

"बघ, कसे तडफडतायत!"

धाकटा, म्हणजे माझा मेहुणा, पाठच्याच गल्लीत राहतो. तो एरवी कधी वेळेवर येत नाही. त्या दिवशी आला! गाडीत बायकोने माझा हात घट्ट धरला होता. "काही होणार नाही तुम्हाला," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एवढं वाईट मला स्वतःबद्दल कधी वाटलं नव्हतं. मोबाईल घाईत घरीच राहिला, आणि साधं 'अगं वेडे, जबडा आहे' एवढंही म्हणता येईना!

दवाखान्याच्या दारातच मेहुणा गरजला, "हार्ट! बाजूला व्हा, हार्ट आहे!"

पुढे सगळं विजेच्या वेगाने झालं. शर्ट काढला, मला झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या पोटातल्या मृदू स्नायूंना कर्तव्याची आठवण झाली! भीतीने म्हणा, दुपारच्या जेवणाने म्हणा, त्यांनी ढकलाढकली सुरू केली. मी पाय जुळवले, पोटाकडे बोट दाखवलं, "आँऽऽ!"

"कळ खाली उतरतेय," मेहुणा गंभीरपणे म्हणाला.

"हलू नका!" नर्स ओरडली. न हलणं माझ्या हातात होतं का?

शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. वायरींचा कागद पाहून म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. पण हे मघापासून आ करून का पडलेत?"

त्यांनी माझ्या कानांपुढे बोटं दाबून पाहिली.

"अहो, यांचा जबडा निखळलाय!"

त्यांनी हातमोजे चढवले, दोन्ही अंगठे माझ्या दाढांवर ठेवले, खाली दाबून मागे सरकवलं. खट्! जबडा जागेवर बसला आणि त्या जोरदार स्नायूने इतका वेळ साठवलेला सगळा जोर एकदम काढला. डॉक्टरीणबाईंची किंकाळी खालच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली!

नर्स डॉक्टरीणबाईंचा चावलेला अंगठा बांधत होती. सासूबाईंनी हात जोडले होते. बायको डोळे पुसत माझ्यावर वाकली. "बोला ना हो! काहीतरी बोला!"

मी तिचा हात हातात घेतला. किती किती सांगायचं होतं तिला! पण पोटातले ते स्नायू खरोखरच कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"संडास कुठाय?" मी म्हणालो.

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि खरं सांगू? जबडा इतका दुखत होता, की मीही फारसा आग्रह धरला नाही.