जरा मान वर, माय

आमच्या गल्लीतल्या एका शोकसभेत सगळे मान खाली घालून स्तब्ध उभे होते. तेवढ्यात उत्तममामा पुढच्या रांगेतल्या एका पुढाऱ्याजवळ गेले, दोन बोटांनी त्याची हनुवटी हलकेच उचलली आणि प्रेमानं म्हणाले, "जरा मान वर, साहेब." पुढारी दचकला आणि त्यानं खरंच मान वर केली. त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी जेवढं रडू आलं, त्याहून जास्त हसू दाबताना लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

उत्तममामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते अख्ख्या धारूरचे मामा. बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नवरानवरी असो, दाखल्याचा फोटो असो, नाहीतर काजळाचा टिळा लावलेलं तान्हं बाळ असो, मामा सगळ्यांना एकच सांगायचे : "मान वर. हनुवटी आत. श्वास सोडा. हां, आता हालू नका." मग हाताहातांत मोबाईल आले, स्टुडिओला कुलूप लागलं, मामीही वारल्या. कॅमेरा पेटीत गेला, पण मान वर करायचं काम काही थांबलं नाही. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, जिथं कुठं मोबाईलवर वाकलेलं डोकं दिसेल तिथं मामांची दोन बोटं पोचायची. पोरं चिडायची. "काय बे मामा!" म्हणायची. पण मामा पुढच्या डोक्याकडं गेलेले असायचे.

मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला लागले आणि धारूरला परत आले. पलंगावर लोळून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणं म्हणजे स्वर्ग, असं वाटायचं. थंडी पडेपर्यंत मान अशी धरली, की कुणी हाक मारली तर बैलगाडी वळावी तशी मी अख्खी वळायचे. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून कोपरापर्यंत उतरायची.

एका दुपारी खिडकीच्या गजाशी मामांचा चेहरा उगवला.

"माय, कावून अशी गोगलगायीवानी बसलीस?"

"काम आहे, मामा."

"मंग काम वर घे की. तू कावून खाली जायलीस?"

संध्याकाळी ते स्टुडिओतलं लाकडी स्टूल घेऊन आले. त्याच्यावर लहान पोरांना उभं करून फोटो काढायचे. ते टेबलावर चढलं, त्यावर लॅपटॉप चढला. मग मामा म्हणाले, "थांब, मान कट्टकन वाजवून देतो. न्हावी देतो तशी." आई मध्ये पडली म्हणून मी वाचले.

दुसऱ्या दिवशी मामा मला शेअर जीपनं केजला घेऊन गेले, व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी मान तपासली. पडदा डोळ्यांच्या रेषेत हवा, टाइप करायला कीबोर्ड वेगळा आणि खाली हवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत, उशी एकच आणि पातळ, सारखं उठायचं, गरम कापडानं शेकायचं आणि हात पुन्हा दुखला किंवा मुंग्या आल्या तर लगेच यायचं, असं सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि मानेला झटका अजिबात द्यायचा नाही."

मामांचा चेहरा पडला. "आयला, मंग आमच्या न्हाव्यानं मला आजवर जित्ता कसा ठेवला?"

बाई हसत चिठ्ठी लिहायला वाकल्या. मामांची बोटं लगेच पुढं झाली. "जरा मान वर, डॉक्टरसाहेब."

स्टूल तसंच राहिलं, कीबोर्ड पुण्याहून मागवला. मामांना एवढ्यावर समाधान नव्हतं. माझ्यामागची भिंत त्यांना 'लई उदास' वाटली, म्हणून त्यांनी स्टुडिओतला जुना रंगवलेला पडदा आणून टांगला : बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात होडी. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर थोडा वेळ बघत राहिला. मग थंड आवाजात म्हणाला, "काश्मीरला जायचं होतं तर रजा टाकायची ना."

दुपारी मामा खिडकीबाहेरच्या ओट्यावर येऊन बसायचे. "ऊठ माय, जरा किल्ला बघ." मी उठून उभी राहायचे. समोर किल्ल्याच्या भिंतीवर ढगाची सावली सावकाश चढत असायची. उतारावर शेळ्या सांडलेल्या तिळासारख्या दिसायच्या. कुठली हलतेय आणि कुठला दगड आहे, ते कळायचं नाही. "हनुवटी आत. खांदे सोड. आता डावीकडं बघ. हळू, झोपेतून उठल्यावानी." मामांचा आवाज उन्हासारखा अंगावर पसरायचा. मला वाटायचं, मीच त्या उतारावर चरतेय आणि पुण्यातली ती कंपनी कुणाला तरी पडलेलं स्वप्न आहे.

हळूहळू मान मोकळी झाली. आईनं मामांसाठी धपाटे केले आणि मी ते घेऊन दुपारी त्यांच्याकडं गेले. दार उघडंच होतं. मामा भिंतीला टेकून बसले होते. समोर पाटावर तांब्या आणि त्याला टेकवलेला मोबाईल. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी जवळ जाऊन पाहिलं. पडद्यावर चेहरा नव्हता. नुसतं काळंभोर डोकं दिसत होतं आणि बटणांची टकटक ऐकू येत होती. तो रवी, मामांचा एकुलता एक मुलगा. बंगळुरूला असतो, तोही घरूनच काम करतो. दुपारी फोन लावतो, "जेवलात का बाबा" विचारतो आणि बोलता बोलता कामात बुडून जातो. फोन तसाच चालू राहतो.

"मामा, त्यालाही सांगा की," मी कुजबुजले. "त्याची मान धरेल."

"सांगितलं व्हतं एकदा." मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मान वर केली त्यानं. मला बघितलं. म्हणला, अजून फोन चालूच हाय व्हय बाबा? आन् बंद केला. तवापासून न्हाई सांगत."

मी धपाट्यांचा डबा हळूच खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले.

"भोवरे दिसायलेत का तुला? दोन हायती. त्याची माय केस विंचरताना म्हणायची, ह्यो दोन बायका करील." मामा बिनआवाजाचं हसले. "अजून एक बी केली न्हाई."

टकटक जरा थांबली. मामांनी श्वास रोखला. टकटक पुन्हा सुरू झाली.

"तिकडं पंखा लावलेला दिसतो," मामा अगदी हळू म्हणाले. "केस हालायलेत बघ."