गैरहजर एकोणचाळीस घोडे

कोणतेही यंत्र, कार्यालय किंवा जावई यांची कार्यक्षमता वेळोवेळी तपासून घेणे सर्वांच्याच हिताचे असते.

दातांच्या डॉक्टरांकडे सत्तेचाळीस वर्षांची एक लाल, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती. (तिच्यात बसता येत नसे, पडावं लागे.) पुस्तिकेप्रमाणे इंजिनात अठ्ठ्याण्णव घोड्यांची ताकद होती. गॅरेजच्या मिस्त्रींनी मोजलं तेव्हा एकोणसाठच घोडे कामावर हजर निघाले. एकोणचाळीस विनापरवानगी गैरहजर. डॉक्टरांना दोन दिवस घास गोड लागेना.

त्यातच सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. सासरे साठ किलोमीटरवर राहत. फोनवर ते एवढंच म्हणाले, "या वेळी जरा वेळ काढून या." डॉक्टरांनी लगेच वेळ काढायला घेतला. दीड तासाच्या रस्त्यातून पाऊण तास काढायचा, असं ठरलं.

सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली. दोन्ही कार्बुरेटर डॉक्टरांनी दाढेच्या मुळात घालायच्या सुईने स्वतः साफ केले. (सुई नंतर उकळून घेतली. बहुतेक.) नवे प्लग आले, रुंद सायलेन्सर आला, शेजारच्या आजोबांनी कानाचं यंत्र काढून ठेवलं. पुढची योजना डॉक्टरांनी दवाखान्यात एक्केचाळीस रुग्णांपुढे मांडली. प्रत्येकाच्या तोंडात कापूस असल्यामुळे ती एकमताने संमत झाली.

घोडे अठ्ठ्याऐंशी झाले आणि तिथेच अडले. इंजिनाला आता सावकाश फिरणं जमेना, वेग कमी केला की ते बंद पडे. "त्याला कशाला सावकाश फिरवताय?" मिस्त्री म्हणाले. "घोडे वाढत नसतील तर ओझं कमी करा."

मग निघाले ते असे: स्टेपनी, जॅक, दोन्ही बंपर, रेडिओ, छप्पर आणि हॉर्न (त्या आवाजात तो ऐकणार कोण?). शेवटी यादीत एकच नोंद उरली: 'शेजारची सीट, अठरा किलो, तीवरील भार, चौसष्ट किलो.'

भार स्वयंपाकघरात बसून सातवीचे गणिताचे पेपर तपासत होता.

"म्हणजे मी नको?" बायकोने विचारलं.

"तू हवीच आहेस गं. फक्त गाडीत नको. तू बसने पुढे हो. मी मागून निघून तुझ्या आधी पोचतो आणि स्टॉपवर तुला घ्यायला येतो."

"कशात बसवून?"

हा मुद्दा डॉक्टरांनी विचाराधीन ठेवला.

वाढदिवसाच्या सकाळी बस नऊला सुटली. डॉक्टर नऊ चाळीसला निघाले. एकशे ऐंशी ग्रॅम वाचावेत म्हणून फोन घरीच ठेवला होता. अर्ध्या वाटेवर त्यांनी बस मागे टाकली. बायको खिडकीत होती. काहीतरी लाल गेलं, एवढंच तिला कळलं. साठ किलोमीटर एक्केचाळीस मिनिटांत! डॉक्टरांचा ऊर भरून आला.

सासरे नवा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टरांचा पाय ब्रेककडे गेला, इंजिन आचके देऊ लागलं. इथे ते बंद पडलं तर मिस्त्रींशिवाय सुरू होणार नव्हतं. डॉक्टरांनी मोठ्या मनाने हात हलवला आणि पुढे गेले. वळसा घालून परत आले, पुन्हा हात हलवला. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनीही हलवला. चौथ्या फेरीत, गावापासून सात किलोमीटरवर, पेट्रोल संपलं.

डॉक्टर पायी पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. पाहुणे जेवून परतले होते. बायको सतरंजीची घडी घालत होती.

"बाबांना भेटलात?"

"तीन वेळा," डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

तेवढ्यात सासरे आतून आले आणि त्यांनी जावयाचा घामेजलेला हात दोन्ही हातांत धरला. "अहो, सकाळी कोणीतरी सारखं दारावरून जात होतं. फार घाईत होता बिचारा. तुम्ही असता तर दाखवला असता."

यावर हसायला हरकत नाही. मात्र फार वेळ हसू नये. 'एवढं वाचून आलोच' असं तुम्ही मघाशी ज्यांना सांगितलंत, ते अजून दारातच उभे आहेत.